किल्ल्यांच्या मधला सडा

मालवणच्या सहलीचं कुठलंही पत्रक उचला, मजकूर ठरलेला. पहिल्या दिवशी सिंधुदुर्ग किल्ला आणि तारकर्ली, दुसऱ्या दिवशी स्कूबा आणि देवबागचा संगम, तिसऱ्या दिवशी खाजा आणि काजू बांधून घेऊन परतीची गाडी. यात वावगं काही नाही. पण विजयदुर्गापासून वेंगुर्ल्यापर्यंत हा किनारा ज्याच्या पायथ्याशी वसलाय, तो सडा, म्हणजे जांभ्या कातळाचं उघडं पठार, गाडीच्या काचेतून नुसता मागे पळतो. ज्यांच्याकडे चार दिवस आहेत त्यांनी एक दिवस त्याच्यासाठी काढावा, असं माझं मत आहे.

सुरुवात उत्तरेकडून, विजयदुर्गापासून करावी. शिलाहारांच्या काळापासून नांदता असलेला हा किल्ला, तेव्हाचा घेरिया, शिवाजी महाराजांनी १६५३ मध्ये आदिलशाहीकडून घेतला. तिहेरी तटबंदी, एका बाजूला वाघोटणची खाडी आणि चिरे जांभ्याचे. जवळच गिर्ये इथे कातळ फोडून केलेली आंग्रेकालीन गोदी आहे. गलबतं दुरुस्तीला तिथे घेत. आंग्र्यांचं आरमार संपलं फेब्रुवारी १७५६ मध्ये. समुद्रातून इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह, जमिनीवरून पेशव्यांचं सैन्य, आणि मधे तुळाजी आंग्रे. इंग्रजांच्या तोफांनी बंदरातली गलबतं पेटली. आपल्याच आरमाराच्या नाशाला आपलाच हात लागला, ही गोष्ट गडावर उभं राहून ऐकली की पुस्तकातल्यापेक्षा जास्त टोचते.

गडावर गाइड हमखास ‘साहेबाचे ओटे’ दाखवतो आणि हेलियमचा शोध इथेच लागला म्हणून सांगतो. गोष्ट ऐकावी, पण साल विचारावं. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात वर्णपट पाहणारा फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन होता, आणि तो होता गुंटूरला. गाइडच्या गोष्टीतला साहेब, नॉर्मन लॉकयर, तेव्हा इंग्लंडमध्ये होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याने ग्रहण नसताना, घरच्या दुर्बिणीतून सूर्याच्या कडेची ती पिवळी रेघ पाहिली आणि पुढे तिला हेलियमचं नाव दिलं. विजयदुर्गावर तो आला खरा, पण तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. ब्रिटिश युद्धनौकेवरचे खलाशी त्याच्या मदतीला होते. मला विचाराल तर खरी हकिगत दंतकथेहून सरस आहे: ज्याने हेलियम ओळखला तो माणूस पिकल्या वयात दुर्बिणी घेऊन या तटावर येऊन उभा राहिला, याहून गाइडला आणखी काय हवं?

दुसरा दिवस सड्याचा. इथे वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, तरी मार्च-एप्रिलमध्ये सड्यावर उभं राहिलं तर आपण कोकणात आहोत हे पटत नाही. करपलेलं गवत, काळा पडलेला कातळ, करवंदीची एखादी जाळी, आणि नजर जाईल तिथवर झाड नाही. जांभा पाणी धरत नाही. ते आत मुरतं आणि खाली उताराला झऱ्यांतून बाहेर पडतं. म्हणून वर अक्षरशः वाळवंट आणि घाटी उतरून खाली आलं की माडा-पोफळीची बाग. देवगडच्या बागायतदारांनी याच कातळाला सुरुंग लावून खड्डे पाडले, बाहेरून माती आणून भरली आणि त्यात कलमं लावली. भौगोलिक मानांकन मिळालेला देवगड हापूस हा असा दगडात वाढलाय.

मालवण तालुक्यातल्या कुडोपीला जायचं तर वाट दाखवायला गावातला माणूस हवा. तो आधीच बजावतो, “टोपी घाला, पानी घेवा, हंयसर सावली गावाची नाय.” सड्यावर पोचल्यावर पहिली काही मिनिटं काहीच दिसत नाही. मग तो वाकून हाताने पाचोळा बाजूला करतो, बोटाने एक रेघ दाखवतो, आणि त्या रेघेच्या मागोमाग मनुष्याकृती, मासे, वेटोळी, ज्यांना नाव देता येत नाही अशा चौकटी कातळातून वर येऊ लागतात. कोवळं किंवा उतरतं ऊन असेल तरच हे साधतं. बाराच्या उन्हात खोदरेषेत सावली पडत नाही आणि सगळा कातळ कोरा दिसतो. दुपारी पोचलेली मंडळी ‘इथे काय आहे बघायला’ म्हणून परत फिरतात. जिल्ह्यातली ही कातळशिल्पं सतीश लळीत यांनी अभ्यासकांपुढे आणली. काळाबद्दल अजून एकमत नाही, हजारो वर्षांची आहेत एवढं नक्की. युनेस्कोच्या संभाव्य यादीत रत्नागिरीच्या स्थळांबरोबर कुडोपीचंही नाव आहे. मात्र कोकणात घर बांधायला जो चिरा लागतो तो याच सड्यांमधून निघतो, आणि चिरेखाणीच्या यंत्राला आकृती आणि कोरा कातळ यांतला फरक कळत नाही.

मग मालवण. कुरटे बेटावरच्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बांधकामाला नोव्हेंबर १६६४ मध्ये मोरयाच्या धोंड्यावर पूजा करून सुरुवात झाली. तीन वर्षांत तो उभा राहिला. पायाचे दगड शिशाने बसवले. होडी अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही. चहूकडे खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या विहिरी; सड्यावर दिवस काढून आलेल्याला त्यांची किंमत जास्त कळते. राजाराम महाराजांनी बांधलेल्या शिवराजेश्वर मंदिरातली शिवाजी महाराजांची मूर्ती बिनदाढीची आहे, ती निवांत बघावी. गर्दीत पुजारी पुढे ढकलतो. विजयदुर्ग आणि हा, असे जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांपैकी दोन या एकाच जिल्ह्यातले. मे महिन्याच्या शेवटाला होड्या बंद होतात, त्या पावसाळा सरेपर्यंत.

वेंगुर्ल्याची डच वखार आणि सावंतवाडी एका दिवसात होतात. वखार सतराव्या शतकातली; आज पडक्या भिंती आणि त्यांत रुजलेली झाडं, अर्धा तास पुरे. सावंतवाडीत मोती तलावाकाठचा राजवाडा बघावा. तिथे दशावतारी गंजिफा अजून हाताने रंगवतात, दहा अवतारांची प्रत्येकी १२ पानं, एकूण १२०. चितारआळीतली लाकडी फळं मुलांसाठी घ्यावीत.

एक सहल मात्र पैसे भरून करता येत नाही. कुडोपीकडून मालवणला येताना लागतं ते आचरा. दर काही वर्षांनी हा अख्खा गाव गुरंढोरं, कोंबड्या-कुत्र्यांसकट घरं सोडतो आणि वेशीबाहेर झोपड्या घालून तीन दिवस, तीन रात्री राहतो. गावपळण म्हणतात तिला. तेवढे दिवस गावात चूल पेटत नाही. बाहेर मात्र भजनं, गप्पा, रात्री जागवणं चालू असतं आणि मुंबईचे चाकरमानी रजा काढून येतात. निघायचा दिवस ग्रामदेव रामेश्वर कौल देईल तो, परत फिरायचं तेही कौल मिळाल्यावरच. त्यामुळे कुठल्याच टूरवाल्याला ती आगाऊ तारीख टाकून पत्रकात छापता येत नाही.