गळ्यांतील वांकडी वाट

सकाळीं मुंबईस नोकरीवर जाणारे अंबरनाथचे कित्येक उतारू आधीं उलट बदलापुरास जातात आणि तेथून सुटणाऱ्या गाडींत जागा धरून पुन्हां अंबरनाथवरूनच पुढें निघतात. परक्यास हा वेडेपणा वाटेल. परंतु आपल्या मानेंतला एक मज्जातंतु असाच प्रवास करतो, व आपला आवाज त्याच्यावर अवलंबून आहे.

मेंदूकडून येतांना हा तंतु स्वरयंत्राजवळून जातो, पण तेथें थांबत नाहीं. डावीकडे तो छातींत उतरून महारोहिणीच्या कमानीस वळसा घालतो, उजवीकडे हाताकडे जाणाऱ्या रोहिणीस. मग थायरॉइड ग्रंथीच्या मागून वर चढून स्वरयंत्रांत शिरतो. याचें कारण गर्भावस्थेंत आहे. त्या वेळीं मान जवळजवळ नसतेच, व तंतु रोहिणीच्या खालून सरळ जातो. पुढें मान लांबते, हृदय व रोहिण्या छातींत उतरतात, आणि अडकलेला तंतु त्यांच्याबरोबर ओढला जातो.

शंभरांत फार तर एखाद्याची ही उजवी रोहिणी नेहमींच्या जागीं तयारच होत नाहीं. ती डावीकडून निघून अन्ननलिकेच्या मागून उजव्या हाताकडे जाते. तंतूस ओढणारें कोणी उरत नाहीं, म्हणून तो मानेंतच आडवा वळून स्वरयंत्र गांठतो. ही रचना स्टेडमननें १८२३ सालीं नोंदविली. अशा मनुष्यास बहुधा जन्मभर कांहीं जाणवत नाहीं. धोका थायरॉइडच्या शस्त्रक्रियेच्या दिवशीं. तो आडवा तंतु रक्तवाहिनी समजून कापला जाण्याची भीति असते. एका बाजूचा तुटला तर आवाज बसतो, पाणी पितांना ठसका लागतो; दोन्ही बाजूंचे दुखावले तर श्वासच कोंडतो. आम्हां मास्तरांस तर पहिलेंच पुरेसें आहे!

वरून येणारा आणखी एक बारीक तंतु आहे. तो दुखावल्यास तारसप्तक हरवतें. तेव्हां गाणाऱ्यानें आपण गातों हें आधींच सांगावें.

तंतु डोळ्यांस दिसल्याशिवाय कांहीं कापावयाचें नाहीं, हा शल्यविशारदांचा जुना नियम. आतां सूक्ष्म विद्युत्प्रवाहानें त्याची ओळखहि पटवितां येते. परंतु ती वेगळी रोहिणी छातीच्या सीटी स्कॅनवर आधींच दिसूं शकते, मग तो स्कॅन खोकल्यासाठीं काढलेला कां असेना. उल्हासनगर-बदलापुराहून परळच्या के. ई. एम. किंवा टाटा रुग्णालयांत जाणाऱ्यांनीं असले जुने स्कॅन कपाटांत ठेवून जाऊं नये.