काखेतली काळी खपली

मुळशीत भातलावणी उरकली की बांधावर गवत माजतं. अशाच गवतात चिगर, म्हणजे माइटची जेमतेम ०.२ मिलिमीटरची अळी, दबा धरून बसते. चावलेलं कळतही नाही. आठ-दहा दिवसांनी सणकून ताप भरतो. हाच स्क्रब टायफस. २०१८च्या पावसाळ्यात विदर्भाने त्याचा इंगा पाहिला.

काखेत, जांघेत किंवा करगोट्याखाली विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसते. दुखत नाही, म्हणून कोणी दाखवत नाही! उशीर झाला तर हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते. धाप, धडधड जाणवली तर ईसीजी, इको हवेच. स्क्रब टायफसचा ताप डॉक्सिसायक्लिनने बहुधा दोन दिवसांत उतरतो. संशय पक्का असेल तर रिपोर्टची वाट पाहत बसू नये.