तापलेल्या गाडीची नाडीपरीक्षा

दीड लाख किलोमीटर धावलेली माझी कार्ब्युरेटरची गाडी एका मे महिन्यात पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या घाटात बंद पडली. काटा लाल खुणेला टेकलेला. अर्ध्या तासाने ती गुपचूप सुरू झाली, मी पाणी भरले आणि विषय सोडून दिला. महिन्याभराने पुन्हा तेच.

मिस्त्रींनी बॉनेट उघडण्याआधी विचारले, "साहेब, गाडी तापते कधी? सिग्नलला उभी असताना की पळताना?"

श्रोतेहो, निम्मे निदान या प्रश्नात आहे. उभ्या गाडीच्या रेडिएटरला वारा मिळतो तो फक्त पंख्याचा. गर्दीत काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर उतरतो, तर आधी पंखा, त्याची मोटार आणि स्विच तपासावा. उलट वेगात किंवा चढावर काटा चढत असेल, तर पाणी नीट फिरत नाही असे समजावे. थर्मोस्टॅट अडकला असेल, वॉटर पंप थकला असेल किंवा रेडिएटरच्या नळ्या चोंदल्या असतील. आमच्याकडे बोअरचे पाणी. वर्षानुवर्षे तेच ओतल्याने नळ्यांत क्षार साचला होता.

झाकणाकडे तर कोणी बघतच नाही. कुकरच्या शिट्टीसारखे तेही दाब धरून ठेवते, म्हणून आतले पाणी १०० अंशांना न उकळता ११५-१२० अंशांपर्यंत टिकते. स्प्रिंग किंवा रबर सैल झाले की हा फायदा गेला. त्याच दाबामुळे गरम गाडीचे झाकण कधीही उघडू नये. उकळते पाणी थेट तोंडावर येते.

मग गाडी बंद का पडली? जुन्या गाड्यांत पेट्रोलचा पंप इंजिनालाच चिकटलेला असतो. इंजिन फार तापले की त्यातल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती वाफच ढकलतो. गाडी पुन्हा बंद पडली तेव्हा मिस्त्रींनी आधी प्लगची ठिणगी पाहिली. ती नसती, तर तापल्यावर दगा देणारी इग्निशन कॉईल संशयित ठरली असती. ठिणगी होती. मग पंपावर ओले फडके ठेवले, आणि पाच मिनिटांत गाडी सुरू!

आता घाबरवणारी गोष्ट. लाल खुणेवर गेलेला काटा अचानक खाली आला, तर हायसे वाटून घेऊ नका. पाणीच संपले असेल, तर सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खोटे बोलतो. तशीच गाडी दामटली, तर हेड वाकते, गॅस्केट जाते. ऑइल दुधाळ होणे, रेडिएटरमध्ये बुडबुडे येणे ही त्याची लक्षणे, आणि मग खर्च जुन्या गाडीच्या किमतीशी स्पर्धा करतो.

माझे थोडक्यात भागले. रेडिएटर खोलून साफ केला, झाकण नवे बसवले, कूलंट भरले. आधीच्या कुणीतरी काढून टाकलेला थर्मोस्टॅटही मिस्त्रींनी परत बसवला. त्याच्याविना इंजिन थंडच राहते आणि पेट्रोल जास्त पिते, हे मला तेव्हा कळले.