कोनियातले खड्डे कोण मोजतो?

कोनिया म्हटले की आपल्याला मौलाना जलालुद्दीन रूमी आठवतात. तुर्कस्तानातील त्याच प्रांतातला शेतकरी आज पायाखालच्या जमिनीला घाबरतो. करापिनार भागात शेतात अचानक जमीन खचते आणि विहिरीएवढा, कधी त्याहून कितीतरी मोठा खड्डा पडतो. तिथे त्याला ‘ओब्रुक’ म्हणतात.

असे का होते? तिथल्या जमिनीखाली चुनखडीचा दगड आहे. तो पाण्यात हळूहळू विरघळतो व पोकळ्या तयार होतात. पोकळीतले पाणी वरच्या थराला आधार देते. पाणी खाली गेले की थर कोसळतो. ओब्रुक तिथे नवे नाहीत. किझोरेनच्या ओब्रुकाकाठी सेल्जुक काळातली सराई आहे. पण मका आणि साखरबीटसाठी उपसा वाढला, त्यात दुष्काळ पडला आणि खड्डे झपाट्याने वाढले. कोनिया तंत्रविद्यापीठाच्या ओब्रुक संशोधन केंद्राने 2021 मध्ये करापिनार भागात सुमारे 600 खड्डे मोजले. आदल्या वर्षी ते 350 च्या आसपास होते.

एवढ्या पसरलेल्या माळावर खड्डे मोजायचे कसे? इथे डिजिटल नकाशा कामाला येतो. विमान किंवा ड्रोनमधून जमिनीची उंची मोजून नकाशा बनवतात. मग संगणक नकाशातली प्रत्येक खोलगट जागा काठोकाठ भरतो. भरलेल्या नकाशातून मूळ नकाशा वजा केला की फक्त खड्डे उरतात, खोलीसकट! शाळेतलीच वजाबाकी. मात्र त्यात दगडखाणी आणि शेततळीही येतात. म्हणून आकार तपासावा लागतो, प्रत्यक्ष जाऊन पाहावेही लागते.

2014 पासून सेंटिनेल-1 उपग्रहांचे रडार पुन्हापुन्हा तीच जमीन पाहते. तिची अगदी थोडी घसरणही त्यात कळू शकते. घर कुठे बांधू नये, रस्ता कुठून नेऊ नये, हे ठरवायला त्याची मदत होते. पण काही खड्डे इशारा न देताच पडतात. उपसा कमी करण्याचे काम नकाशा करू शकत नाही.

महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी काळा बसाल्ट आहे. तो चुनखडीसारखा विरघळत नाही. म्हणून आपल्याकडे बोअर आटली तरी जमीन तोंड उघडत नाही आणि नुकसान डोळ्यांना दिसत नाही. सुट्टीत मुलांना एक काम द्या: मोहल्ल्यातल्या विहिरी आणि बोअर मोबाइलच्या नकाशावर टिपा, किती फुटांवर पाणी लागले ते घरच्या मोठ्यांना विचारून लिहा. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा विचारा. दोन आकडे शेजारी ठेवले की घरातल्या नळाकडे बघायची नजर बदलेल.