दहाव्या रकान्यातली भाषा

जनगणनेचा प्रगणक म्हणजे बहुतेक वेळा जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी. जालना जिल्ह्यात मंठा तालुक्यातल्या एखाद्या बंजारा तांड्यावर ते ओट्यावर टेकतात आणि नाव, वय, लग्नाच्या वेळचं वय असं विचारत अर्ज भरत जातात. २०११च्या अर्जात दहावा रकाना मातृभाषेचा होता. घरात तोवर आजी-नातीचं गोरमाटीत चाललेलं असतं, लहान पोर 'याडी, याडी' करत आईच्या मागे फिरत असतं. गुरुजींशी मात्र सगळे मराठीत बोलतात. भाषा कोणती लिहू म्हटलं, की उत्तर येतं, "मराठीच लिहा ना गुरुजी, शाळा मराठी, सातबारा मराठी." गुरुजी घाईत असले तर विचारतही नाहीत, परस्पर लिहून मोकळे होतात.

नियम याच्या उलट आहे. लहानपणी आई ज्या भाषेत बोलली, ती मातृभाषा. ती स्वतंत्र भाषा की दुसऱ्या भाषेची बोली, हे ठरवणं प्रगणकाचं काम नाही. माणूस सांगेल ते लिहायचं, जात-धर्म बघून अंदाज बांधायचा नाही.

अकराव्या रकान्यात येत असलेल्या आणखी दोन भाषा लिहायच्या होत्या. जालना शहरात दोन पुरायच्या कशा? मोंढ्यात आडत्या आपल्या भावाशी मारवाडीत, हमालाशी दखनीत आणि शेतकऱ्याशी मराठीत बोलतो; तेही एकाच पोत्याच्या सौद्यात. एमआयडीसीतल्या सळईच्या कारखान्यांत भट्टीपाशी भोजपुरी ऐकू येते. 'जालना, सोने का पालना' ही गावाची ख्यातीसुद्धा मराठीत नाही! जाफराबादकडे निघालात, की बुलढाण्याच्या सीमेआधीच मराठीला वऱ्हाडी वळण लागतं. नोंदीत ती अर्थात नुसती 'मराठी'.

१९४८पर्यंत इथला कारभार निजामाचा होता आणि दरबारी भाषा उर्दू. २०२३मध्ये अंबड तालुक्यातल्या आंतरवाली सराटीहून मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलं, न्या. संदीप शिंदे समिती कुणबी नोंदी शोधू लागली, तेव्हा जुनी दफ्तरं वाचायला उर्दू आणि मोडी जाणणारी माणसं हुडकावी लागली. पंचाहत्तर वर्षांत लिपी इतकी परकी झाली होती.

असो. गुरुजींनी समजा 'गोरमाटी' नाहीतर 'लमाणी' असं नीट लिहिलं. पुढे काय होतं? २०११मध्ये देशभरातून मातृभाषांची १९,५६९ नावं आली. छाननी होऊन त्यांतली १,३६९ उरली आणि ती १२१ भाषांच्या खात्यांत वाटली गेली. लमाणी-लंबाडी सांगणारे ३२ लाखांहून अधिक आणि बंजारी सांगणारे १५ लाखांहून अधिक लोक हिंदीत जमा झाले. मारवाडी, भोजपुरी हिंदीतच. वडारी तेलुगूत गेली आणि कैकाडी चक्क तमिळमध्ये. भाषाकुळाच्या हिशेबाने हे एक वेळ पटेलही. पण तमिळचा एक शब्दही न कळणारा मराठवाड्यातला कैकाडी मुख्य तक्त्यात तमिळभाषक ठरतो, हे काही पचत नाही. आणि दहा हजारांहून कमी लोकांनी सांगितलेलं नाव 'इतर'मध्ये जातं.

म्हणजे नकाशावर जालना जिल्हा मराठीच्या रंगाने भरलेला दिसतो, त्याच्या कडेला उर्दू-हिंदीची थोडी छटा. मराठी इथली बहुसंख्यांची भाषा आहेच, त्याबद्दल वाद नाही. पण गट पाडणाऱ्या कचेरीला दोष देण्याआधी एक गोष्ट मान्य करायला हवी. ओट्यावर जे नाव सांगितलंच गेलं नाही, ते कुठल्याच तक्त्यात शोधून सापडणार नाही. कचेरी निदान पोटविभागात लमाणीचा वेगळा आकडा छापते.

नव्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली आहे आणि माहिती या वेळी मोबाइलवर भरली जाणार आहे. गुरुजी दाराशी आले की घरात जी बोलता तीच भाषा सांगा, आणि त्यांनी काय भरलं ते एकदा वाचून दाखवायला लावा.