वाऱ्यावर जगणारे ऑर्किड

ऑर्किड म्हटले की काचघरातील मोठमोठी, भडक रंगांची फुले डोळ्यांपुढे येतात. जपानी लोकांनी मात्र शेकडो वर्षे ज्या ऑर्किडचे लाड केले, ते तळहातावर मावेल एवढे आहे. त्याची पाने बहुधा पाच ते दहा सेंटिमीटर लांब असतात. जाड, ताठ आणि किंचित वाकलेली ही पाने दोन ओळींत एकमेकांवर चढत जातात. वर्षाचे बहुतेक दिवस या झाडाला फूल नसते. तरीही एकेका रोपासाठी रसिकांनी मोठ्या किमती मोजल्या आहेत.

या वनस्पतीचे जपानी नाव फूरान, म्हणजे ‘वाऱ्याचे ऑर्किड’. मध्य व दक्षिण जपान, कोरियाचा दक्षिण भाग आणि पूर्व चीन येथे ती जुन्या वृक्षांच्या फांद्यांवर आणि खडकांवर वाढते. ती बांडगूळ नव्हे. झाडाचा ती केवळ आधार घेते, त्याचा रस शोषीत नाही. तिची जाड मुळे उघड्या हवेत लोंबतात आणि पावसाचे व दवाचे पाणी टिपून घेतात. अशा वनस्पतींना अपिवनस्पती म्हणतात.

स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल पीटर थुनबर्ग 1775–76 मध्ये जपानात होते. 1784 साली त्यांनी या वनस्पतीचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तिला ‘फाल्काटा’, म्हणजे विळ्याच्या आकाराची, असे विशेषण दिले. 1925 साली चिनी वनस्पतिशास्त्रज्ञ हू श्येन्सू यांनी तिच्यासाठी निओफिनेशिया ही स्वतंत्र प्रजाती स्थापन केली. अलीकडच्या वर्गीकरणात तिचा समावेश व्हँडा या प्रजातीत करण्यात आला आहे. व्हँडा हे नाव मूळ संस्कृत ‘वंदाक’ या शब्दावरून घेतलेले असल्यामुळे या जपानी ऑर्किडच्या नावाला आता भारतीय शब्दाचा स्पर्श झाला आहे.

इदो काळात सरदार व सामुराई यांना या ऑर्किडचा छंद जडला. अकरावा तोकुगावा शोगुन इएनारी (कारकीर्द 1787–1837) याला ते विशेष प्रिय होते, असे परंपरा सांगते. मौल्यवान रोपांवर सोन्या-चांदीच्या तारांची जाळी घालीत आणि ती पाहताना श्वास लागू नये म्हणून तोंडापुढे कागद धरीत, असेही सांगतात. अशा निवडक रोपांना ‘फूकिरान’, म्हणजे वैभव आणि प्रतिष्ठेचे ऑर्किड, असे नाव मिळाले. पानांवरचे पिवळे वा पांढरे पट्टे, पानाच्या कडेची किनार, पान खोडाला मिळते तेथील रेषेचा आकार, इतकेच नव्हे तर वाढत्या मुळाच्या टोकाचा रंगही रसिक पारखून घेतात. त्यांच्या याद्या प्रसिद्ध करण्याची आणि नव्या वाणांची नोंदणी करण्याची प्रथा आजही चालू आहे.

उन्हाळ्यात या झाडाला फुले येतात. नेहमीचे फूल पांढरेशुभ्र असते. त्याच्या मागील बाजूस सुमारे चार सेंटिमीटर लांबीची, बाकदार, पोकळ शेपटी असते. तिला शुंडिका म्हणतात. तिच्या तळाशी मधुरस असतो. दिवस मावळला की फुलाचा गोड सुगंध वाढतो आणि लांब सोंडेचे निशाचर पतंग त्याकडे ओढले जातात. पतंग मधुरसासाठी सोंड आत घालतो तेव्हा परागांचे पुंजके त्याला चिकटतात व दुसऱ्या फुलापर्यंत पोहोचतात. पांढरा रंग, रात्रीचा गंध आणि लांब शुंडिका या तिन्ही गोष्टी या एका पाहुण्यासाठीच आहेत.

आणि नेमके येथेच माणसाची आवड निसर्गाच्या विरुद्ध जाते. फूकिरानच्या काही वाणांची फुले गुलाबी असतात. ‘शुतेन्नो’ हा त्यांपैकी प्रसिद्ध वाण. ‘हिसुई’ची फुले हिरवट असतात. काहींची फुले आकाशाकडे तोंड करून उमलतात. काहींना दोन-तीन शुंडिका असतात, तर काहींना ती अजिबातच नसते. शुंडिका नाही म्हणजे मधुरसाचा पेला नाही आणि पतंगाला येण्याचे कारणही नाही. रानात असे झाड बहुधा संतती न ठेवताच नाहीसे होईल. घरातील कुंडीत मात्र तेच अनमोल ठरते.

बी पेरून असा वाण हमखास तसाच मिळत नाही. ऑर्किडचे बी धुळीसारखे सूक्ष्म असते आणि त्यात अन्नाचा साठा जवळजवळ नसतो. निसर्गात ते रुजण्यासाठी विशिष्ट कवकाची साथ लागते, हे फ्रेंच शास्त्रज्ञ नोएल बर्नार यांनी 1899 मध्ये ओळखले. 1922 साली अमेरिकेत लुइस नडसन यांनी साखरमिश्रित पोषक द्रव्यावर कवकावाचून बी रुजवून दाखविले. तरीही एखाद्या वाणाचे रूप जसेच्या तसे टिकवायचे, तर जुन्या झाडाच्या बुंध्याशी फुटलेला कोंभ, त्याची स्वतःची तीन-चार मुळे झाल्यावर, हलकेच वेगळा करणे हाच खात्रीचा मार्ग असतो. म्हणून जुना वाण हा एकाच झाडाचा हातोहात चालत आलेला विस्तार असतो. मध्ये एक पिढी उदासीन झाली, तर तो कायमचा संपतो.

घरी हे झाड वाढविणे फार अवघड नाही. मात्र त्यासाठी संयम हवा. याला माती नको. तळाशी मोठे छिद्र असलेल्या कुंडीवर लांब धाग्यांच्या स्फॅग्नम शेवाळाचा, आतून पोकळ असा उंचवटा रचतात आणि त्यावर मुळे पसरून वरून शेवाळाचा पातळ थर देतात. पोकळीमुळे मुळांना हवा मिळते. शेवाळ वरून कोरडे झाल्यावरच भरपूर पाणी घालावे. सतत ओलाव्याने मुळे कुजतात. सकाळचे कोवळे ऊन आणि दुपारी विरळ सावली त्याला मानवते. हिवाळ्यात थंडी आणि थोडे पाणी, अशी विश्रांती लागते. त्या काळात पानांवर सुरकुत्या पडल्या तरी घाबरून पाणी वाढवू नये. हिवाळा संपता संपता, नवी मुळे फुटण्यापूर्वी, शेवाळ बदलावे. भारतात थंड हवेच्या डोंगराळ भागात ही विश्रांती सहज मिळते. सदोदित उष्ण राहणाऱ्या किनाऱ्यावर ती मिळणे कठीण.

या छंदाला एक काळी बाजूही आहे. वेगळे पान, वेगळे फूल शोधण्याच्या हव्यासाने संग्राहकांनी रानातील झाडे ओरबाडून नेली. ज्या फांद्यांवर पूर्वी फूरान फुलत असे, त्यांपैकी कित्येक रिकाम्या झाल्या, आणि जपानच्या संकटग्रस्त वनस्पतींच्या सूचीत त्याची नोंद करावी लागली. ऑर्किडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 1973 साली संमत झालेल्या कराराचे नियंत्रण आहे. रोपवाटिकेत वाढविलेले रोपच घ्यावे, हा नियम म्हणूनच या छंदाची पहिली पायरी ठरतो. शुंडिकाहीन फुलाला जगण्यासाठी माणूस हवा. साध्या पांढऱ्या फुलाला मात्र माणसाने आपल्या फांदीवर सुखाने राहू दिले, तर संध्याकाळी येणारा पतंग पुरेसा आहे.