विश्लेषण : दिवाळीच्या बोनसमध्ये गेम कन्सोल बसतो का? आणि स्वस्तातला ‘मोशन रिमोट’ खरा की नुसता खुळखुळा?

२०२५ मध्ये धनत्रयोदशी शनिवारी (१८ ऑक्टोबर) आणि पाडवा बुधवारी (२२ ऑक्टोबर) होता. रांजणगाव आणि कुरकुंभच्या कारखान्यांतला बोनस खात्यावर येण्याचे आणि घरोघरी मुलांचे हट्ट सुरू होण्याचे हे दिवस. मोबाइलवर तेव्हा एकामागोमाग दोन जाहिराती दिसत. एकीत सोनीचा प्लेस्टेशन ५, २०२५ च्या सणाच्या सवलतीत ४९,९९० रुपयांना. दुसरीत पेन ड्राइव्हएवढी ‘४के गेम स्टिक’, दहा हजार गेम, दोन वायरलेस रिमोट, किंमत दोन-तीन हजार. त्यातच कुठे ‘मोशन सेन्सर’ असेही छापलेले असते, म्हणजे हात हलवला की पडद्यावरचा खेळाडू बॅट फिरवणार. शिरूर-दौंडच्या घरात खरी स्पर्धा सोनी आणि मायक्रोसॉफ्टमध्ये नाही. ती या दोन जाहिरातींमध्ये आहे.

बोनसमध्ये काय बसते?

२०२५ च्या दिवाळीत लागू असलेल्या बोनस कायद्यानुसार (१९६५) किमान बोनस ८.३३ टक्के होता, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा भाग. हिशेबासाठी महिना ७ हजार रुपये किंवा किमान वेतन, यांतली जास्त रक्कम धरत. समजा, ती १२ हजार धरली, तर हाती १२ हजारांच्या आसपास येतात. कंपनी करार करून जास्त देत असेल तर गोष्ट वेगळी. दौंडला रेल्वेची घरे पुष्कळ. रेल्वे कर्मचाऱ्यांना २०२५ मध्ये ७८ दिवसांचा बोनस मंजूर झाला, पण तो कमाल १७,९५१ रुपये. म्हणजे रेल्वेतल्या माणसाचा पूर्ण बोनस घातला तरी प्लेस्टेशनच्या जवळपास दोन तृतीयांश रकमेची सोय बाहेरून करावी लागत होती. बारा हप्ते केले तर महिन्याला ४,१६६ रुपये पडत, शिवाय प्रक्रिया शुल्क. गेम स्टिक मात्र बोनसमध्ये सहज बसते, वर फराळ आणि कपडेही निघतात. म्हणून ती खपते.

टीव्ही स्वस्त झाला, मग कन्सोल का नाही?

शिरूर तालुक्यातल्या वाचकाला हा प्रश्न पडायलाच हवा. रांजणगाव एमआयडीसीतल्या एलजीच्या कारखान्यात टीव्ही तयार होतात. हीच एलजी इंडिया ऑक्टोबर २०२५ मध्ये शेअर बाजारात नोंदली गेली. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. कन्सोलला मात्र या फेऱ्यात काही मिळाले नाही, कारण त्याचा जीएसटी १ जानेवारी २०१९ लाच २८ वरून १८ टक्के झाला होता.

खरा भार सीमाशुल्काचा आहे. कन्सोल बाहेरून येतो आणि २०१८ च्या अर्थसंकल्पात त्यावरचे सीमाशुल्क १० वरून थेट २० टक्के केले गेले. हे दर धरून १०० रुपयांच्या यंत्राचा हिशेब असा : सीमाशुल्क २० रुपये, त्या शुल्कावर १० टक्के अधिभार म्हणजे आणखी २ रुपये, झाले १२२. त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले १४३ रुपये ९६ पैसे. विक्रेत्याचा नफा अजून धरलेलाच नाही. रांजणगावात तयार झालेल्या टीव्हीच्या किमतीवर १८ टक्के जीएसटी तेवढा लागतो. रांजणगावच्या तिसऱ्या टप्प्यात इलेक्ट्रॉनिक्स उत्पादन समूह २०२२ मध्ये मंजूर झाला आहे. तिथे उद्या कन्सोल बनतील असे म्हणणे मात्र आज फार घाईचे ठरेल.

‘मोशन’ म्हणजे नेमके काय?

बटण दाबण्याऐवजी हात किंवा अंग हलवून खेळायचे, ही कल्पना घराघरांत नेली निन्टेन्डोच्या ‘वी’ या यंत्राने. नोव्हेंबर २००६ मध्ये, अमेरिकेतल्या नाताळ खरेदीच्या तोंडावर ते २४९.९९ डॉलरना आले. सोनीचा प्लेस्टेशन ३ तेव्हा ४९९ आणि ५९९ डॉलरना होता आणि ताकदीत कितीतरी पुढे. तरी वी दहा कोटींहून अधिक विकले गेले, प्लेस्टेशन ३ पेक्षा जास्त. त्याच्या रिमोटमध्ये अ‍ॅक्सेलेरोमीटर होता. हा चिमुकला सेन्सर वेग किती आणि कुठल्या दिशेने बदलला ते मोजतो. टेनिसमध्ये हळू मारले की चेंडू हळू, जोरात मारले की जोरात. लोकांनी इतक्या जोरात मारले, की हातातून सुटलेले रिमोट टीव्हीवर आदळू लागले आणि डिसेंबर २००६ मध्ये निन्टेन्डोला मनगटाच्या ३२ लाख दोऱ्या बदलून द्याव्या लागल्या.

२०१० च्या सणासुदीत इतर दोघे उतरले. सोनीच्या ‘मूव्ह’मध्ये रिमोटच्या टोकाला चमकणारा गोळा होता. समोरचा कॅमेरा गोळा केवढा दिसतो यावरून हात किती लांब आहे ते काढायचा. मायक्रोसॉफ्टच्या ‘किनेक्ट’ने रिमोटच काढून टाकला. तो खोलीभर डोळ्यांना न दिसणारे इन्फ्रारेड ठिपके टाकायचा आणि ते कुठे किती सरकले यावरून समोरच्या माणसाचे हातपाय ओळखायचा. किनेक्टचे पहिल्या ६० दिवसांत ८० लाख नग विकले गेले आणि गिनीज बुकात विक्रम नोंदला गेला.

मग तो कुठे गेला? अभियांत्रिकी शिकत असताना आम्हाला किनेक्टचे भारी कौतुक होते. पण त्याला एका खेळाडूसाठी सुमारे ६ फूट आणि दोघांसाठी ८ फूट मोकळी जागा लागायची. रांजणगावला भाड्याने घेतलेली दहा बाय दहाची खोली डोळ्यांसमोर आणा. त्यात कॉट, कपाट, कोपऱ्यात गॅस. ८ फूट आणायचे कुठून? शिवाय पैसे. भारतात सप्टेंबर २०१४ मध्ये एक्सबॉक्स वन आला तेव्हा किनेक्टशिवाय ३९,९९० आणि किनेक्टसह ४५,९९० रुपयांना होता. सहा हजार वाचवणे लोकांना सोपे वाटले. २०१७ मध्ये किनेक्टचे उत्पादन थांबले. आज जुन्या वस्तूंच्या बाजारात एक्सबॉक्स ३६० आणि किनेक्टची जोडी दिसते. ती घेताना लक्षात ठेवा, ३६० चे ऑनलाइन दुकान जुलै २०२४ मध्ये बंद झाले आहे. सोबत डिस्क मिळत नसतील तर तो सौदा करू नका.

स्वस्त रिमोटच्या आत काय असते?

गेल्या दिवाळीत भाच्यांसाठी मी एक ‘मोशन’ टीव्ही गेम मागवला होता. आठवड्याभरात एक रिमोट बंद पडला म्हणून स्क्रू काढून पाहिला. आत अ‍ॅक्सेलेरोमीटर नव्हताच. एक बारीक स्प्रिंग होती. रिमोट हलला की ती कडेला टेकते आणि बटण दाबल्यासारखा एक इशारा यंत्राकडे जातो, बस्स. हात उजवीकडे गेला की डावीकडे, हळू की जोरात, यंत्राला काहीच कळत नाही. अक्षरशः खुळखुळा.

सगळे स्वस्त रिमोट असेच असतील असे नाही. त्यामुळे दुकानात लावून बघा. टेनिस किंवा बॉलिंग सुरू करा, एकदा अगदी हळू आणि एकदा जोरात हात फिरवा. मग उलट दिशेने फिरवा. चारही वेळा चेंडू सारखाच गेला, तर आत स्प्रिंग आहे असे समजा. दुकानदार लावून दाखवायला तयार नसेल, तर त्यातही उत्तर आलेच.

नुसत्या बटणांच्या गेम स्टिकबद्दल : तिच्यावरचे ‘४के’ हे फार तर टीव्हीकडे जाणाऱ्या चित्राचे माप. गेम बहुतांश ऐंशी-नव्वदच्या दशकांतले, विनापरवाना उतरवलेले, त्यातले अनेक नाव बदलून पुन्हा पुन्हा आलेले. सगळे एका मेमरी कार्डावर असतात. कार्ड गेले की दहा हजारही गेले. मारिओ आणि कॉन्ट्रा आई-बाबांनाच खेळायचे असतील, तर तेवढ्या पैशांत करमणूक होते, ते नाकारण्यात अर्थ नाही. क्रिकेटचा नवा गेम मिळेल या आशेवर बसलेला मुलगा मात्र हिरमुसतो.

आजच्या महागड्या यंत्रांत मोशन आहे?

प्लेस्टेशन ५ च्या कंट्रोलरमध्ये आहे, सोबत मोफत येणाऱ्या ‘अ‍ॅस्ट्रोज प्लेरूम’मध्ये ते लगेच कळते. एक्सबॉक्सच्या सध्याच्या कंट्रोलरमध्ये नाही. निन्टेन्डो स्विचमध्ये उत्तम आहे, पण कंपनी तो भारतात अधिकृतपणे विकत नाही. जो मिळतो तो परस्पर आणलेला, त्याला इथली वॉरंटी नाही. आणि मधल्या किमतीच्या बहुतेक मोबाइलमध्ये जायरोस्कोप असतोच. बीजीएमआयमध्ये ‘जायरो’ चालू करून फोन तिरका करत नेम धरणारी पोरे मोशन कंट्रोलरच वापरत असतात, वेगळा पैसा न देता.

डिस्कचा घ्यावा की डिस्कविना?

२०२५ च्या दिवाळी सवलतीत डिस्कविना प्लेस्टेशन ४४,९९० ला होता, पाच हजारांनी स्वस्त. पुण्यात फायबर असलेल्याने तो जरूर घ्यावा. पण न्हावरे किंवा पाटसला घर असेल आणि इंटरनेट मोबाइलचेच असेल, तर हिशेब बदलतो. मोठा गेम सहज १०० जीबीचा असतो. दिवसाला २ जीबीच्या पॅकवर तो उतरायला ५० दिवस लागतील, आणि तोवर घरात दुसरे कोणी रील पाहायचे नाही. डिस्कवाल्या यंत्रावरही अपडेट घ्यावे लागतात, पण गेमचा बराचसा भाग डिस्कवरून चढतो. शिवाय पाच हजारांच्या आसपासचा नवा गेम खेळून झाल्यावर डिस्क विकता येते, मित्राशी बदलता येते. दोन-तीन डिस्क वापरून विकल्या की वाचवलेल्या पाच हजारांचा मोह उरत नाही.

खोक्यावर काय पाहायचे?

व्हिडीओ गेम ही वस्तू केंद्राच्या सक्तीच्या नोंदणी आदेशात आहे. त्यामुळे खोक्यावर किंवा यंत्रावर बीआयएसचे चिन्ह आणि ‘आर’ अक्षरापुढे आठ आकडी क्रमांक हवा. ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तो क्रमांक टाकला की नोंदणी कोणाची आणि कोणत्या वस्तूची ते दिसते. क्रमांक चार्जरचा आणि खोके गेमचे, असेही होऊ शकते, म्हणून वस्तूचे नाव वाचा. बिल जीएसटीचेच घ्या. त्यावर मॉडेल आणि अनुक्रमांक लिहून घ्या, कारण वॉरंटीसाठी बहुतेकदा सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटरवर पुणे गाठावे लागते आणि तिथे आधी बिलच मागतात. फसवणूक झालीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.